दिग्दर्शक व्हायचंय आणि ओळख कुणाचीच नाही: सुरुवात कुठून करायची?

लातूरहून एका २३ वर्षांच्या मुलाने विचारलंय. बी.कॉम. झालंय, कॉलेजात एकांकिका केल्यात, मोबाइलवर दोन लघुपट केलेत. दिग्दर्शक व्हायचंय. फिल्म लाइनमध्ये ओळखीचं कुणी नाही. घरच्यांनी एक वर्ष दिलंय. ‘ताई, कोर्स करू की सरळ मुंबई गाठू? आणि मुंबईत आलो तर आधी भेटू कुणाला?’

मी मराठी मालिका आणि चित्रपटांच्या दिग्दर्शन विभागात काम करते, बरीच वर्षं मुख्य सहायक म्हणून. हाताखालची मुलं-मुली निवडायचं काम माझ्याकडेच असतं, म्हणून निवडणाऱ्याच्या बाजूने सांगते.

दिग्दर्शक व्हायचंय हे मनात पक्कं असू दे, पण काम मागायला जाशील तेव्हा ते वाक्य पुढे करू नकोस. पहिल्या दिवसापासून तुला जमेल असं एक नेमकं काम माग. दिग्दर्शन विभागात अशी दोन कामं आहेत: ब्रेकडाउन, म्हणजे प्रत्येक सीनला काय काय लागेल याची यादी, आणि कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधले कपडे, वस्तू, हालचाली पुढच्या शॉटशी जुळवणं. दोन्ही लातुरात बसून, जवळजवळ काही खर्च न करता शिकता येतात. आणि ही कामं शिकून आलेला नवा मुलगा मला फार क्वचित भेटतो. ‘मी काहीही करायला तयार आहे’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांची तयारी खरी असते, पण सकाळी सातच्या कॉलला ५० जणांचं युनिट उभं असताना ‘काहीही’ शिकवायला कुणाला वेळ नसतो.

आधी हे समजून घे की तुला काम देणारा माणूस दिग्दर्शक नसतो. तिसरा-चौथा सहायक कोण असावा हे दिग्दर्शक क्वचितच ठरवतो. ते मुख्य सहायक किंवा असोसिएट (सहयोगी दिग्दर्शक) ठरवतो आणि पुष्कळदा शूटिंगला दोन-तीन दिवस उरले असताना ठरवतो, कारण ठरलेला मुलगा ऐन वेळी दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो. अशा वेळी आम्ही फोनमध्ये बघतो, कुणी मेसेज केला होता, कुणाचं काम पाहिलंय, कोण दोन दिवसांत येऊ शकतं. तुझं नाव त्या वेळी आठवायला हवं. म्हणून आवडलेल्या मराठी चित्रपटांची आणि मालिकांची शेवटची नामावली थांबवून वाच आणि मुख्य सहायक, असोसिएट, कार्यकारी निर्माता ही नावं वहीत उतरवून काढ. मोठ्या दिग्दर्शकांना रोज शेकडो मेसेज येतात, आम्हाला येत नाहीत. आम्ही वाचतो.

आता ब्रेकडाउन. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सगळं आहे. समज, पटकथेत असा सीन आहे:

सीन ४२. आत. रात्र. सुमनचं स्वयंपाकघर. बाहेर धो धो पाऊस. सुमन भाकऱ्या करतेय. वसंत चिंब भिजून येतो. खिशातलं पाकीट काढून ओट्यावर ठेवतो. सुमन ते उघडते. आतला फोटो भिजून चिकटलाय.

वाचायला अर्धा मिनिट. पटकथेच्या पानाचे आपण आठ भाग धरतो आणि एक पूर्ण पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा हिशोब असतो, तेव्हा हा सीन दोन-तीन अष्टमांश पानाचा. नवा माणूस लिहितो: पात्रं दोन, प्रॉपर्टी (सीनमध्ये लागणाऱ्या वस्तू) पाकीट आणि फोटो, कॉस्च्युम ओले. तेवढं लिहून पुढच्या सीनवर जातो.

आता नीट बघ. भाकऱ्या करतेय, म्हणजे परात, पीठ, तवा, चूल किंवा गॅस. चूल असेल तर जळण आणि धूर आला. धुराचं प्रमाण शॉटागणिक बदलेल, कॅमेऱ्याला ते आधी सांगायला हवं. भाकरी दर टेकला नवी लागणार, म्हणजे पीठ मळून तयार ठेवणारी एक बाई आर्ट विभागाकडे हवी. सुमनचं काम करणाऱ्या अभिनेत्रीला भाकरी थापता येते का? येत नसेल तर शूटिंगच्या आठ-दहा दिवस आधी तिची शिकवणी लावायची, नाहीतर हातांच्या क्लोजअपसाठी दुसरी बाई शोधायची, आणि मग तिच्या हातातल्या बांगड्या सुमनसारख्याच हव्यात. वसंतचा शर्ट ओला. प्रत्येक टेकला तो दारातून भिजलेलाच यायचा, पण दोन शॉटांच्या मध्ये त्याला थंडीत तासभर ओलं ठेवता येणार नाही, म्हणून तोच शर्ट किमान तीन नग. त्याच दिवशी सकाळी तो घरातून बाहेर पडतो तो सीन ३७. तिथे हाच शर्ट कोरडा आणि इस्त्रीचा. सीन ३७ शेड्यूलमध्ये ४२ च्या नंतर लागलाय का? लागला असेल तर एक शर्ट हात न लावता बाजूला ठेवायला कॉस्च्युमला आज सांगायचं. पाकीट एक कोरडं, एक ओलं. फोटोच्या आठ-दहा प्रती, कारण भिजलेला फोटो दुसऱ्या टेकला चालत नाही. पण थांब, फोटो कुणाचा? वसंत आणि सुमनच्या लग्नाचा असेल तर तो आधी काढावा लागेल. म्हणजे शूटिंग सुरू होण्याआधी एका दिवशी दोघांना लग्नाच्या पोशाखात, तरुण मेकअपमध्ये उभं करून फोटो काढायचा, आणि त्यासाठी दोघांच्या तारखा आजच मागायच्या.

पाऊस. खिडकीतून दिसणार का नुसता ऐकू येणार? दिसणार असेल तर रेन मशीन, पाण्याचा टँकर, आणि टँकर घराच्या मागच्या बाजूला पोचतो का हे रेकीलाच, म्हणजे जागा आधी पाहायला जातो तेव्हाच, बघायचं. मशीनच्या आवाजात संवाद स्वच्छ मिळणार नाहीत, म्हणजे साउंडला आधी कल्पना द्यायची आणि डबिंग धरून चालायचं. आत-रात्र असे सीन आम्ही दिवसा खिडक्या काळ्या कापडाने झाकून काढतो, वेळ वाचतो. इथे खिडकीबाहेर पाऊस दाखवायचाय, म्हणजे झाकता येणार नाही, म्हणजे हा सीन खरोखर रात्रीच काढावा लागेल. रात्रीची शिफ्ट लागली की दुसऱ्या दिवशी सकाळचा कॉल देता येत नाही. एका खिडकीने दोन दिवसांचं शेड्यूल बदललं.

आणि त्या सीनमध्ये त्यांची सात वर्षांची मुलगी झोपलेली दाखवायची असं दिग्दर्शकाने ठरवलं, तर आणखी एक गोष्ट. लहान कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, हा कायदा आहे. मग तिचे शॉट आधी संपवायचे किंवा तिच्या जागी उशा आणि गोधडी घेऊन काही शॉट काढायचे. हा प्रश्न सेटवर रात्री अकरा वाजता निघाला तर भांडण होतं. ब्रेकडाउनमध्ये निघाला तर त्याची एक ओळ होते.

हे सगळं कागदावरच्या सहा वाक्यांमधून निघालं. दिग्दर्शन म्हणजे काय हे मला विचारलंस तर त्याचा फार मोठा भाग हाच आहे: लिहिलेलं वाक्य प्रत्यक्षात घडवायला काय काय लागेल ते आधी दिसणं. म्हणून ब्रेकडाउन ही कारकुनी आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

सराव असा कर. तुझ्याच एकांकिकेची किंवा लघुपटाची पटकथा घे, एक्सेलमध्ये रकाने पाड: सीन क्रमांक, आत-बाहेर, दिवस-रात्र, लोकेशन, कथेतला कितवा दिवस, पात्रं, गर्दी, प्रॉपर्टी, कॉस्च्युम, मेकअप, वाहनं-जनावरं, विशेष. ‘कथेतला कितवा दिवस’ हा रकाना नवे लोक गाळतात आणि कॉस्च्युमचे सगळे घोळ तिथूनच होतात. मग लोकेशन एकत्र करून सीनचा क्रम लाव आणि दिवसांत वाट. असे दोन-तीन ब्रेकडाउन केलेस की तुझ्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

कंटिन्युइटीचा सराव त्याहून सोपा, पण त्याला चिकाटी लागते. घरातल्या दोघांना जेवायला बसव, चार वाक्यांचं संभाषण दे आणि मोबाइलवर तेच संभाषण तीन बाजूंनी काढ. एकदा दोघं, एकदा फक्त आई, एकदा फक्त भाऊ. प्रत्येक वेळी लिही: कुठल्या शब्दाला घास तोंडात गेला, कुठल्या हाताने पाण्याचा पेला उचलला, वाटीत आमटी कुठवर होती, पदर कुठल्या खांद्यावर, मागचं घड्याळ किती दाखवतंय. मग मोबाइलवरच ते जोड. जिथे घास उडी मारेल तिथे तुला कळेल की तुझं काय लिहायचं राहिलं. सेटवर आम्ही फोटो काढतोच, पण फोटोत हालचाल नसते. ‘नाही’ या शब्दावर तिने मान वळवली, हे फोटो सांगत नाही, वही सांगते. आणखी एक सवय आत्ताच लाव: फोटो शॉट सुरू होताना काढतोस तसा संपतानाही काढ. पुढचा शॉट मागच्या शॉटच्या शेवटाला जोडला जातो.

कोर्सचं विचारलंयस. पुण्याची एफटीआयआय (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया), १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली, आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था, या दोन सरकारी संस्थांपैकी एकीत प्रवेश मिळाला तर डोळे झाकून जा. पदवी लागते, ती तुझ्याकडे आहे. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते, जागा फार थोड्या. पण तयारी करण्यात काही वाया जात नाही, कारण ती तयारी म्हणजे चित्रपट पाहणं, वाचणं आणि त्यावर लिहिणं. तिथला खरा लाभ म्हणजे सोबत शिकणारे लोक. तुझा छायालेखक, तुझा संकलक, तुझा ध्वनिमुद्रक तिथे भेटतो आणि पुढे अनेक वर्षं सोबत राहतो. तीन वर्षं शक्य नसतील तर त्यांचे थोड्या दिवसांचे कोर्सही असतात. चित्रपट रसास्वादाचा साधारण महिनाभराचा उन्हाळी वर्ग पुण्यात होत आलाय, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साथीने. तो केलेली मुलं सिनेमावर बोलताना वेगळी कळतात.

खासगी संस्थांबद्दल माझं मत कडक आहे. काही चांगल्या आहेत, पण फी लाखांत असते आणि कर्ज काढून तिथे जाऊ नकोस. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला मुलगा पहिल्या वर्षी चुकीची कामं घेतो. त्या पैशातला छोटा भाग मुंबईत राहायला आणि एक नीट लघुपट करायला ठेव.

तुझ्या हातात एक गोष्ट आधीच आहे, तिची किंमत तू कमी धरतोयस: नाटक. मराठीत पडद्यावरचे आणि पडद्यामागचे कितीतरी लोक एकांकिका स्पर्धांतून आले. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, आणि तिथल्या प्रेक्षकांत लेखक-दिग्दर्शक मुद्दाम बसलेले असतात. तुझं कॉलेज संपलं, पण हौशी राज्य नाट्य स्पर्धा कॉलेजवर अवलंबून नाही. नाटक केलेला मुलगा तालमीला वेळेवर येतो, नटाशी बोलू शकतो, विंगेत गप्प उभा राहू शकतो. मी निवडताना हे बघते.

लघुपट कर, पण दहा नकोत, एक नीट कर. नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचे. त्यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मोठे चित्रपट त्यानंतर आले. त्यांच्याइतकं सगळ्यांना जमेल असं मी म्हणत नाही, पण आपल्याच भागातलं, आपल्याला आतून माहीत असलेलं काहीतरी, थोड्या साधनांत पूर्ण करून दाखवणं याला आमच्या धंद्यात फार मान आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक लघुपट चित्रासाठी जीव टाकतात आणि आवाजाकडे दुर्लक्ष करतात. डोळ्यांना खटकलेलं प्रेक्षक सोडून देतो, ऐकू न आलेलं सोडत नाही. चांगला माइक नसेल तर दुसरा मोबाइल नटाच्या अगदी जवळ लपवून ठेव, त्यावर आवाज घे, टाळी वाजवून क्लॅप दे आणि नंतर जुळव. पंखा बंद, फ्रिज बंद. पाच-सात मिनिटांत गोष्ट संपव.

मुंबईला सरळ यायचं का? लगेच नको. आधी आउटडोअर पकड. मराठी चित्रपटांचं बरंच शूटिंग मुंबईबाहेर होतं: कोल्हापूर, वाई, भोर, सातारा, कोकण, आणि गोष्टीच्या गरजेप्रमाणे सोलापूर-मराठवाड्याकडेही. युनिट बाहेरगावी गेलं की प्रोडक्शनला स्थानिक माणूस लागतोच. कुणाच्या शेतात परवानगी मिळेल, तहसीलचा कागद कुठे अडलाय, बैलगाडी कुणाकडे आहे, ६० माणसांची गर्दी सकाळी सहाला कशी आणायची, वाडा दाखवायचाय तर कुठला अजून पडलेला नाही. हे तुला तुझ्या जिल्ह्यात माहीत आहे किंवा दोन फोनवर कळतं. शिवाय बोली. मराठवाड्यातलं पात्र असेल तर पुण्या-मुंबईच्या नटाला ती बोली कानावर घालायला कुणीतरी हवं असतं, आणि दिग्दर्शन विभागात ती येणारा मुलगा असला तर आम्हाला हवाच असतो. आसपासच्या चार-पाच जिल्ह्यांतली जुनी वाडे-मंदिरं, घाट, बंद पडलेल्या गिरण्या, शाळा यांचे फोटो काढून ठेव, दिवसाच्या कुठल्या वेळी कुठून ऊन येतं ते लिही, मालकाचा होकार विचारून ठेव. अशी लोकेशनची फाइल घेऊन आलेल्या मुलाला ‘ओळख कुणाची?’ असं मी विचारणार नाही.

एक शेड्यूल झालं की मुंबईला ये. मालिकांचे सेट आज बहुतेक अंधेरीत नाहीत. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी आहेच, पण त्याशिवाय मढ, मिरा रोड-काशिमिरा, घोडबंदर रोड, नायगाव असे पसरलेत. म्हणून अंधेरीत महागडी खोली घेऊ नकोस. काम कुठे मिळतंय ते बघून तिथून जवळ, चौघांत वाटून घे. पॅकअप रात्री नऊ-दहाला झालं तरी घरी पोचता आलं पाहिजे आणि सकाळी सातला परत उभं राहता आलं पाहिजे.

पहिलं काम मालिकेत मिळालं तर घे. दैनंदिन मालिकेत रोज सीन काढायचेच असतात, थांबायची सोय नाही. सहा महिन्यांत शंभरेक भागांचं शूटिंग डोळ्यांसमोरून जातं. कॉल शीट (कुणी किती वाजता यायचं तो कागद), नटांच्या तारखा, सीन पेपर हातात पडल्यावर अर्ध्या तासात सगळ्या विभागांना कळवणं, हे अंगात भिनतं. चित्रपटात दहा-पंधरा दिवसांत जेवढं बघशील त्याहून जास्त इथे हाताखालून जातं. पण वर्षापेक्षा फार जास्त राहू नकोस. मालिकेचा वेग हाताला लागला की शॉटचा विचार कमी होतो. चित्रपटाचं शेड्यूल बहुधा महिनाभराचं, तयारी त्याच्या आधी काही महिने. त्या तयारीत ज्याला घेतात तो खरं शिकतो, म्हणून चित्रपट मिळाला तर रेकी आणि ब्रेकडाउनच्या टप्प्यापासून घ्या असं सांग, थोड्या पैशांत का होईना.

पैशांचं स्पष्ट बोलू. सुरुवातीचे पैसे थोडे असतात आणि उशिरा येतात. टीव्हीत ९० दिवसांनी पेमेंट हा रुळलेला प्रकार आहे, म्हणजे जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिलमध्ये. त्यामुळे मुंबईत उतरताना चार महिन्यांचं भाडं आणि खाणं हाताशी हवं. काम स्वीकारताना तीन गोष्टी विचार: महिना किती का दिवसाला किती, केव्हा मिळणार, उशिरा पॅकअप झालं तर कन्व्हेयन्स (प्रवासखर्च) आहे का. विचारायला लाजू नकोस. करारपत्र मिळालं नाही तर जे ठरलं ते स्वतः व्हॉट्सॲपवर लिहून पाठव: ‘आपलं आज असं ठरलं, कृपया कळवा.’ तेवढ्याने पुष्कळ भांडणं टळतात. फुकट काम एखाद्या मित्राच्या लघुपटावर कर. ज्या प्रोजेक्टवर नटांना आणि कॅमेऱ्याला पैसे मिळतायत तिथे तुलाही मिळाले पाहिजेत, जेवण आणि ‘अनुभव’ हे पैसे नव्हेत.

आणि कुणालाही पैसे देऊ नकोस. कास्टिंगसाठी रजिस्ट्रेशन फी, अमुक फोटोग्राफरकडूनच पोर्टफोलिओ, ‘युनियनचं कार्ड काढून देतो’ म्हणणारा मधला माणूस, हे सगळे फसवणुकीचे प्रकार आहेत. अंधेरी-वर्सोव्याच्या आरामनगरच्या गल्ल्यांत खऱ्या ऑडिशन चालतात आणि तिथे फी लागत नाही. कामगार आणि तंत्रज्ञांच्या संघटना एफडब्ल्यूआयसीई या महासंघाखाली आहेत, दिग्दर्शक-सहायकांचीही संघटना त्यात आहे. सभासदत्वाची चौकशी त्यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन कर, काम सुरू झाल्यावर.

तुझ्यासोबत एखादी मैत्रीण या क्षेत्रात येत असेल तर तिला, आणि तुलाही, हे माहीत असावं: सेट हे कामाचं ठिकाण आहे आणि २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा तिथे लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे तक्रार समिती असावीच लागते. पहिल्या आठवड्यात प्रोडक्शनला विचारायचं, समितीत कोण आहे. हा प्रश्न विचारल्यावर जिथे तोंडं वाकडी होतात ते युनिट सोडायला हरकत नाही. मी माझ्या हाताखालच्या मुलींना रात्रीच्या पॅकअपनंतर गाडीशिवाय सोडत नाही आणि हे मुख्य सहायकाचंच काम आहे, असं मानते.

सेटवर कसं वागायचं यावर थोडं. स्पॉटदादा, लाइटदादा, मेकअपदादा, ड्रेसदादा, सगळ्यांची नावं पहिल्या दोन दिवसांत पाठ कर. लाइटवाल्या दादांनी अनेक दिग्दर्शक पाहिलेले असतात. त्यांना मोकळ्या वेळात विचारलंस तर कुठल्या खिडकीतून उजेड का घेतला ते ते आनंदाने सांगतात, आणि ते शिकवणं कुठल्याही वर्गात मिळत नाही. रस्ता ‘लॉक’ करायला उभं केलंय तर शॉट संपेपर्यंत जागा सोडायची नाही, चहा आला तरी. अडवलेल्या माणसाशी हात जोडून बोलायचं, रस्ता त्याचा आहे. कलाकारांचे फोटो काढायचे नाहीत, गोष्ट बाहेर सांगायची नाही. चूक झाली तर लगेच येऊन सांगायचं. तीन शॉट झाल्यावर कळलेली चूक चौपट महाग असते. आणि पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शकाला आपली कथा ऐकवायला जायचं नाही. त्या अर्ध्या तासात त्याच्या डोक्यात दुपारचे सीन असतात.

कथा मात्र लिहायची, रोज. सहायकाची नोकरी करत राहिलं की एक दिवस कुणीतरी दिग्दर्शक करेल, असं होत नाही. निर्माता पैसे लावतो ते पटकथेवर. मी ओळखते अशी कितीतरी हुशार मुलं उत्तम सहायक झाली आणि तिथेच राहिली, कारण पॅकअपनंतर लिहायचं त्यांनी सोडलं. चार-पाच प्रोजेक्ट झाल्यावर एक पूर्ण पटकथा हातात असली पाहिजे. ती कुणाला पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये ऑनलाइन नोंदवून घे. तिथे दिग्दर्शकाचं नव्हे, लेखकाचं सभासदत्व लागतं. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो, म्हणून तोंडी ‘आयडिया’ सांगत फिरू नकोस. लिही आणि मग बोल.

घरच्यांनी दिलेल्या एका वर्षाचं. वर्षभरात तू दिग्दर्शक होणार नाहीस, हे त्यांना आजच सांग, म्हणजे वर्षाच्या शेवटी त्यांचा अपेक्षाभंग होणार नाही. त्यांना वेगळी खूण सांग: ज्याच्यासोबत एकदा काम केलं त्याने दुसऱ्यांदा बोलावलं का? आमच्याकडे प्रशस्तिपत्रं नसतात, दुसरा फोन असतो. वर्षाच्या आत तो आला तर आणखी दोन वर्षं मागायला तुझ्याकडे कारण आहे. नाही आला, तर दिग्दर्शन विभाग सोडून प्रोडक्शन, आर्ट किंवा संकलन यांपैकी काही जमतं का बघ. तुझं बी.कॉम. आहे. प्रोडक्शनमध्ये हिशोब चोख ठेवणाऱ्या, व्हाउचर जपणाऱ्या माणसाची कमतरता कायम असते, आणि कार्यकारी निर्माता होणं हे कमी दर्जाचं काम नाही. चांगला कार्यकारी निर्माता नसेल तर चांगला दिग्दर्शकही अडकतो.

मेसेज कसा लिहायचा ते सांगून थांबते, कारण निम्मी मुलं तिथेच गळतात. ‘हाय मॅम, काही काम असेल तर सांगा’ याला उत्तर देता येत नाही. असं लिही: ‘नमस्कार. मी अमुक, लातूरचा. आपलं नाव अमुक चित्रपटाच्या नामावलीत वाचलं, त्यातला जत्रेतला सीन मला फार आवडला. मी एकांकिका केल्या आहेत. ब्रेकडाउन आणि कंटिन्युइटीचा सराव केला आहे, एका पटकथेचा ब्रेकडाउन आणि सहा मिनिटांचा लघुपट सोबत जोडत आहे. एक्सेल चांगलं येतं, दुचाकी चालवतो, मराठवाड्यातल्या लोकेशनची माहिती आहे. दोन दिवसांच्या सूचनेवर कुठेही पोचू शकतो.’ फोटो नको, आयुष्याची कहाणी नको. रात्री अकरानंतर पाठवू नकोस. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदाच पुन्हा पाठव, त्यात नवीन काय केलंस तेवढंच लिही. आणि पाठवायची वेळ साध: पावसाळा सरता सरता, गणपतीच्या आसपास, कारण आउटडोअरची शेड्यूल्स त्यानंतर लागायला सुरुवात होते आणि माणसं जमवायचं आमचं काम तेव्हाच चालू असतं.